कडं खोटं बोलत नाही

"स्नेहलताई, काल सकाळी साडेदहा ते दुपारी दीड तुम्ही वजन वाहिलंत," फोनमधली बाई म्हणाली. "सात दिवस लाल झाले. हा तुमचा दुसरा इशारा. तिसऱ्यानंतर आपलं नाव यादीतून कमी होईल. काळजी घ्या हं, ताई."

त्या 'हं, ताई'ची स्नेहलला भारी चीड होती. नाव खोडायला निघालीय आणि वर काळजी घ्या म्हणते, काय म्हणावं या बाईला! आणि वजन कसलं? गेले सव्वीस दिवस स्नेहल बाजेवरून उठली ती फक्त न्हाणीला आणि संडासला. चौदा महिन्यांची शर्वी दोन्ही हात वर करून बाजेपाशी उभी राहायची, घे म्हणून रडायची, आणि ही आपली भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायची. पोटच्या पोरीला उचललं नाही आणि म्हणे वजन वाहिलं.

"पुन्हा बोलली का ती चुगलखोर?" चुलीपाशी काढा उकळत बसलेल्या सासूबाईंनी विचारलं. छायाबाई त्यांचं नाव, पण तासगावच्या बाजूला सासूला आत्याच म्हणतात. "आता काय नवीन काढलं तिनं?"

"दुसरा इशारा, आत्या."

आत्यांच्या हातातली पळी थांबली. मग त्या खाली मान घालून पुन्हा ढवळायला लागल्या. एरवी दहा वाक्यं बोलणारी ही बाई आज गप्प, ही गोष्ट स्नेहलच्या ध्यानात राहिली.

दारात सुशांत उभा होता, तिचा नवरा. त्यानंही ऐकलं होतं. "खरं सांग. बेदाण्याच्या शेडवर कामाला जातेस का तू, मी नसताना?"

"तुला काय वेड लागलंय?"

"मुकादमाला विचारलं मी. तो नाही म्हणाला. पण तो तरी कशाला सांगेल?" त्यानं नजर चुकवली. "कडं खोटं बोलत नाही, स्नेहल. मिरजेच्या मुजावर डॉक्टरच म्हणाल्या होत्या ना?"

म्हणजे हा आधी मुकादमाकडे जाऊन आला होता आणि मग बायकोकडे. स्नेहलला हे इतकं लागलं की तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली.

आता हे कडं म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

बाईच्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत ताणून बांधलेली. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी आणि आतड्याचं टोक, सगळं त्या झोळीत विसावलेलं असतं. बाळ बाहेर येताना ही झोळी तिप्पट ताणली जाते, आणि कधीकधी तिचं एक टोक हाडापासून चक्क उपटून निघतं. वरून काही दिसत नाही. टाके बरे होतात, बाई घरी जाते, आणि मग एके दिवशी ओझं उचलताना खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. आपल्याकडच्या बायका त्याला अंग बाहेर येणं म्हणतात, तेही एकमेकींच्या कानात.

स्नेहलचं अंग बाहेर आलं ते बेदाण्याच्या शेडवर, शर्वी एकवीस दिवसांची असताना. मार्च महिना होता, द्राक्षं शेडमध्ये येऊन पडली होती, माणसं कमी. सव्वा महिना व्हायच्या आतच आत्या म्हणाल्या होत्या, "दोनच क्रेट वर दे गं, एवढी वाळवणाची जाळी भरली की बस." स्नेहलनं दोन क्रेट दिली. मग आणखी वीस दिली. बाविसावं क्रेट रॅकवर ठेवताना तिला कळलं की आपल्याला काहीतरी झालं. त्यानंतर वर्षभर तिला धड बसता आलं नाही, खोकता आलं नाही, की पोटभर हसता आलं नाही. एकदा जावेच्या डोहाळजेवणात हसली आणि साडी बदलायला पळाली.

पूर्वी यावर एकच इलाज सांगायचे, पिशवी काढा. आत्यांची तेहतिसाव्या वर्षी काढली होती. पण झोळीच फाटली असेल तर आतली पिशवी काढून झोळी शिवली जात नाही. २०४१ साली मिरजेतल्या एका केंद्रात दुसरा रस्ता निघाला होता. बाईच्याच मांडीतून स्नायूच्या चिमूटभर पेशी घ्यायच्या, त्या कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ जाळीवर वाढवायच्या, आणि ती जाळी फाटक्या जागी शिवायची. स्नेहलची झोळी दोन्ही बाजूंनी फाटलेली. आधी डावी बाजू शिवली. साठ दिवस ती बाजू ताण न पडता रुजली, की उजवी. आणि त्या साठ दिवसांवर नजर ठेवायला आत बसवलेलं एक मऊ सिलिकॉनचं कडं. कडं अवयवांना खालून टेकू देतं, स्नायूंना हलकेच विजेचे ठोके देतं आणि वरून किती दाब येतोय तो मोजत राहतं. खोकला आला तर दाब झटक्यात चढून उतरतो. बादली उचलली तर जरा जास्त वेळ चढतो. डोक्यावर पाटी घेऊन चाललं तर चढलेलाच राहतो. त्यावरून कडं ठरवतं की बाई काय करत होती, आणि फोनला सांगतं, मग फोनमधली ती यंत्राची बाई ते बोलून दाखवते.

सात लाल दिवसांना एक इशारा, आणि तीन इशाऱ्यांना घरचा रस्ता. बाहेर शेकडो जणी रांगेत होत्या. जी ऐकत नाही तिच्यावर जाळी कशाला वाया घालवायची? नियम साधा होता. ऑपरेशनच्या यादीतून नाव गेलं की स्नेहलची उजवी बाजू आयुष्यभर फाटकीच राहणार, आणि मग पुन्हा तेच, पिशवी काढा. वय अवघं एकोणतीस.

सुशांत गेल्यावर तिनं फोनवर महिन्याचा तक्ता काढला. पहिले आठ दिवस पांढरे. नवव्या दिवसापासून रोज एक लाल पट्टी, साडेदहा ते दीड. जणू रोज ठरल्या वेळी ती कामाला जात होती! मध्येच तीन दिवस पुन्हा पांढरे. विसावा, एकविसावा, बाविसावा.

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. ते तीन दिवस आत्या जतला गेल्या होत्या, बहिणीच्या नातवाच्या बारशाला.

आत्या नसल्या की यंत्र गप्प. आत्या आल्या की लाल.

आता एकदा मनात किडा शिरला की सगळंच वळवळायला लागतं. आत्यांनी ऑपरेशनला आधीपासून नाक मुरडलं होतं. "पिशवी काढून टाक, झंझट मिटेल, मी नाही का जगले?" असं त्या दहादा म्हणाल्या होत्या. आणि ऑपरेशन झाल्यावर अचानक त्यांना सुनेचा एवढा पुळका कुठून आला? "हे दुसरं बाळंतपणच समज," म्हणाल्या, आणि नवव्या दिवसापासून सगळं सुरू. तेलानं अंग चोळायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, पोट बांधायचं, शेगडीचा शेक द्यायचा, वर डिंकाचा लाडू आणि तो काळाकुट्ट काढा. पहिल्या बाळंतपणात यातलं निम्मंही केलं नव्हतं. काढा प्यायलं की स्नेहलला गुंगी यायची, ती थेट दीड वाजता जेवायलाच उठायची. झोपेत काय होत होतं, कुणी सांगावं?

काढ्यातच काहीतरी आहे, तिनं ठरवलं. तीन दिवस तिनं काढा प्यायल्याचं सोंग केलं आणि खिडकीखालच्या जास्वंदीला घातला. तिन्ही दिवस पट्टी लाल. जास्वंद मात्र तरारली.

चौथ्या दिवशी तिनं झोपेचंच सोंग घेतलं. डोळे किलकिले करून पडून राहिली. शर्वीला झोळीत झोके देऊन झाल्यावर आत्या हळूच आल्या, उशीजवळचा फोन उचलला, आणि पडवीच्या कोपऱ्यात जाऊन तोंडाशी धरून काहीतरी कुजबुजायला लागल्या. बराच वेळ. मग पदरानं फोन पुसून जागच्या जागी ठेवला.

म्हणजे आत्याच! घरातल्या घरात, तिच्याच फोनवरून!

तिनं त्याच दुपारी केंद्राला लेखी कळवलं. 'माझ्या सासूबाई माझ्या फोनमध्ये ढवळाढवळ करतात. त्यामुळे दिवस लाल होतात. कृपया चौकशी करावी.' सुशांतला तेवढंच सांगितलं, "तुझी आई मला यादीतून काढायला बघतेय." तो उसळला, "जीभ आवर," म्हणाला, आणि जेवता जेवता ताटावरून उठला. घरात कुणी कुणाशी धड बोलेना. आत्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्या आपल्या शर्वीला भरवत होत्या, आणि त्यांचं ते भरवणंही आता स्नेहलला सहन होईना.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दोघींनी मिरजेला यावं.

बिनड्रायव्हरच्या वडाप जीपमध्ये मागची अख्खी सीट आडवी करून आत्यांनी तिला निजवलं, डोक्याखाली स्वतःची शाल दिली. "तपासणी कसली गं आता मध्येच?" त्यांनी विचारलं. "असते," म्हणून स्नेहलनं डोळे मिटले. लाज वाटत होती, पण त्याहून भीती मोठी होती. तिसरा इशारा दोन दिवसांवर आला होता.

डॉ. मेहरुन्निसा मुजावर पन्नाशीच्या, कामाच्या बाई. इकडचं तिकडचं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी आत्यांना समोर बसवलं आणि सरळच विचारलं, "तुम्ही सुनेचा फोन वापरता?"

आत्या दचकल्या. त्यांनी एकदा डॉक्टरकडे, एकदा स्नेहलकडे पाहिलं. "वापरते म्हणजे... बोलते."

"कुणाशी?"

"त्या आतल्या बाईशी."

"तुमच्या सुनेची तक्रार आहे की तुम्ही त्यात ढवळाढवळ करता."

आत्यांचं तोंड उघडं राहिलं. त्या स्नेहलला काही म्हणाल्या नाहीत, आणि तेच वाईट झालं. रागावल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर बरं वाटलं असतं.

"सगळं बोलणं साठवलेलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "यंत्रानं त्यावर 'घरगुती वाद, दुर्लक्ष करावे' असा शेरा मारलाय. मीही ऐकलेलं नाही. आता ऐकू." त्यांनी टेबलावरची कळ दाबली.

आणि त्या पांढऱ्या खोलीत आत्यांचा आवाज आला, हळू, घाईघाईचा.

"बाई, मी छाया बोलते, स्नेहलची सासू. तू दिवस लाल करू नको गं. ती पडूनच असते, मी बघते ना माझ्या डोळ्यांनी. लेकरू रडलं तरी घेत न्हाई ती."

दुसरं. "पुन्हा लाल केलंस. का गं असं करतीस? माझं एकदा चुकलंय, म्या तिला एकविसाव्या दिवशी उठवलं शेडवर. माझी पिशवी अशीच गेली, आणि तेच म्या तिच्या नशिबी आणलं. आता सगळं नीट करते बघ."

स्नेहलनं ओठ गच्च मिटले. शेजारी आत्या मान खाली घालून पदराचं टोक पिळत होत्या.

तिसरं. "बाई, तिला दुसरा इशारा दिलास म्हणं. आता मी आणखी घट्ट बांधते. आत काही म्हणता काही हलायला नको. आज नऊवारीचे चार वेढे दिले, गुडघा टेकवून आवळलं. आता तरी पांढरा दिवस दे माझ्या पोरीला."

डॉक्टरांनी कळ सोडली. "काय घट्ट बांधता?"

"पोट," आत्या म्हणाल्या, एवढंही कळत नाही का अशा सुरात. "अंघोळीनंतर बांधते. जेवायच्या वेळेला सोडते, न्हाईतर तिला घास जात न्हाई."

"किती वाजता बांधता?"

"साडेदहा होतात बघा."

मग डॉक्टर उठल्या. आत्यांच्या पिशवीत ते जुनं मऊ नऊवारी होतंच, प्रवासात धक्के बसतील म्हणून आणलेलं. डॉक्टरांनी स्नेहलला टेबलावर निजवलं, भिंतीवरचा पडदा सुरू केला आणि म्हणाल्या, "बांधा. रोज बांधता तसंच."

आत्यांनी पहिला वेढा दिला. पडद्यावरची रेघ जरा वर सरकली. दुसरा, तिसरा. चौथा आवळला तशी रेघ चढली आणि चढूनच राहिली. पट्टी लाल झाली. स्नेहल हात पसरून उताणी पडली होती, आणि यंत्राच्या हिशेबानं डोक्यावर भरली पाटी घेऊन चालत होती.

"सोडा," डॉक्टर म्हणाल्या. "लवकर सोडा."

मग खुर्चीत बसून त्यांनी डोळे चोळले. "पिठाची पिशवी मधोमध आवळली की पीठ खाली दाबलं जातं. तसंच आहे हे. कड्याला फक्त दाब कळतो, तो कशाचा ते कळत नाही. त्याला शिकवलं ते दूर देशातल्या बायकांच्या नोंदींवर. त्या बायका बाळंतपणानंतर पोट असं आवळत नाहीत, म्हणून त्याच्या लेखी तीन तास चढलेल्या दाबाचा अर्थ एकच, ओझं." त्यांनी टेबलावरची पुस्तिका पुढे ओढली. "आणि आम्ही छापलेल्या पुस्तिकेत काय लिहिलं? उचलू नका, जोर करू नका, खोकला आला तर कळवा. बांधू नका, असं कुठेच नाही. माझ्या स्वतःच्या सासूबाईंनी माझं पोट चाळीस दिवस बांधलं होतं हो! मला तरी आठवायला हवं होतं."

"म्हणजे माझ्यामुळं तिची शिवण गेली?" आत्यांनी विचारलं. त्यांचा आवाज चिरकला होता.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा दांडा फिरवून बराच वेळ पाहिलं. स्नेहल छताकडे बघत होती. "वरचं टोक थोडं सुटलंय. बाकीची जाळी रुजलीय. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजू. साठ दिवस. इशारे मी रद्द करते." त्यांनी यंत्राला तसं सांगितलं. यंत्रानं कारण विचारलं आणि खाली यादी दाखवली. बादली, पाटी, मूल, खोकला, बद्धकोष्ठ, इतर. डॉक्टरांनी 'इतर'वर बोट ठेवलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, पोट बांधणे.

स्नेहल उठून बसायला गेली तशा आत्या सवयीनं आधाराला पुढे आल्या, आणि मध्येच हात मागे घेतला, जणू आता आपण हिला हात लावू नये. स्नेहलला ते बघवेना. तिनं तो हात धरला.

"आत्या, मी तुमच्यावर संशय घेतला. काढासुद्धा जास्वंदीला घातला तीन दिवस."

"तरीच म्हटलं, एवढ्या कळ्या कशा." आत्या हसायला गेल्या आणि रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "घेतलास ते बरं केलंस. न्हाईतर मी रोज जरा जास्तच आवळत गेले असते, पोरी. मला कुणी थांबवलं असतं?"

डॉक्टर मात्र पडद्यासमोरून हलल्या नव्हत्या. काहीतरी शोधत होत्या. एकाखाली एक तक्ते उघडत होते, आणि प्रत्येकावर तीच लाल पट्टी. कुठे दहा ते एक, कुठे अकरा ते तीन. सुरुवातीचे आठ-दहा दिवस पांढरे आणि मग रोज ठरल्या वेळी लाल.

"या कोण आहेत?" स्नेहलनं विचारलं.

"यादीतून काढलेल्या. दोन वर्षांतल्या. एकशे त्रेचाळीस जणी." त्यांचा आवाज आता एकदम बारीक झाला होता. "सगळ्या हेच सांगत होत्या, आम्ही काही उचललं नाही. आणि मी त्यांना सांगत होते, कडं खोटं बोलत नाही."

त्यांनी पहिलं नाव निवडलं आणि फोन लावला. पूनम एडके, गाव आरग. दोनदा वाजल्यावर पलीकडून आवाज आला, मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"पूनमताई, मी मिरजेहून डॉक्टर मुजावर बोलते. एकच विचारायचं होतं. त्या वेळी तुम्ही पोट बांधत होता का?"

"बांधत म्हणजे? आई बांधायची की रोज. का हो?"

डॉक्टरांनी डोळे मिटले. "आता तब्येत कशी आहे?"

"आता काय, मार्चमध्ये पिशवी काढली. खालचं अजून तसंच आहे." पलीकडची भांडी थांबली. बाईचा आवाज हळू झाला, कुणी ऐकू नये असा. "पण डॉक्टर, तुम्ही तेव्हा विश्वास ठेवला न्हाई. घरच्यांनीबी न्हाई ठेवला. मी खरंच काही उचललं नव्हतं हो."

डॉक्टरांना बोलता येईना. तेव्हा आत्याच टेबलापाशी गेल्या, आणि पडवीच्या कोपऱ्यात बोलायच्या तसं, फोनच्या अगदी जवळ वाकून म्हणाल्या,

"ठाऊक आहे, बाळा. तू न्हाई उचललंस."